पाणी : गुणधर्म व सजीवांतील महत्त्व

हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू मिळून झालेले संयुग. प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भाग पाण्याचा असतो. नित्य उपयोग सर्वपरिचित असल्याने येथे मुख्यतः गुणधर्मांचा विचार केला असून उदाहरणे शक्य तेथे बडोदे परिसरातील घेतली आहेत.

शोधाचे श्रेय : पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे हे प्रथम कोणी दाखवले, याविषयी एकमत नाही. ज्वलनशील वायू (म्हणजे हायड्रोजन) आणि हवा यांच्या मिश्रणात ठिणगी पाडून पाणी मिळवण्याचे हेन्री कॅव्हेंडिश यांचे प्रयोग 1781 च्या सुमाराचे. निबंध मात्र जानेवारी 1784 मध्ये वाचला गेला. मधल्या काळात, एप्रिल 1783 मध्ये, जेम्स वॉट यांनी एका पत्रात तसाच विचार मांडला, तर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझ्ये यांनी जून 1783 मध्ये पॅरिसला प्रयोग करून दाखवला. कॅव्हेंडिश यांच्या कामाची वार्ता लव्हाझ्ये यांना आधीच लागली होती. प्रयोगाचे श्रेय कॅव्हेंडिश यांना व त्याचा अर्थ लावण्याचे लव्हाझ्ये यांना, ही वाटणी अधिक सयुक्तिक वाटते, कारण कॅव्हेंडिश यांच्या निबंधाची भाषा शेवटपर्यंत फ्लॉजिस्टनचीच (ज्वलनात पदार्थातून बाहेर पडते असे पूर्वी मानलेल्या द्रव्याची) आहे. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या आकारमानाचे 2:1 हे प्रमाण गे-ल्युसॅक व हुम्बोल्ट यांनी 1805 मध्ये पक्के केले. ‘हायड्रोजन’ म्हणजे पाणी उत्पन्न करणारा. मराठीत पूर्वी वापरला जाणारा ‘उद्जन’ हा शब्दही त्याच अर्थाचा.

रचना : रेणूतील दोन बंधांमध्ये सुमारे 104.5° चा कोन असतो. ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन, म्हणून शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जड असूनही ते सुमारे –60° से. ला उकळते, पाण्याला मात्र 100° से. लागतात, ते यामुळेच. या बंधाची कल्पना बहुधा लॅटिमर व रोडेबुश यांच्या नावावर (1920) टाकली जाते. तिचे बीज मूर व विनमिल यांच्या 1912 च्या निबंधात सापडते.

द्रवरूप पाण्याच्या रचनेचा वाद अद्याप मिटलेला नाही. पाणी म्हणजे बर्फासारखी विरळ व दुसरी दाट अशा दोन रूपांचे मिश्रण, असे राँटगेन यांनी 1892 मध्ये, क्ष-किरणांच्या शोधाआधी तीन वर्षे, सुचवले. बर्नाल व फाउलर यांनी 1933 मध्ये चतुष्फलकी मांडणी (प्रत्येक रेणूभोवती चार शेजारी) पुढे आणली. रेणू बहुतांशी साखळ्यांत व कड्यांत असतात, असा दावा 2004 मध्ये क्ष-किरण प्रयोगांवरून झाला; तो फारसा स्वीकारला गेलेला दिसत नाही.

उष्णता : 1 ग्रॅम पाणी 1° से. ने तापवण्यास सुमारे 4.18 जूल उष्णता लागते. इतर बहुतेक द्रवांपेक्षा हे मूल्य मोठे असल्याने जलाशय सावकाश तापतो व सावकाश निवतो. बडोद्यातील विश्वामित्री नदीतील मगरींना याचा मोठा आधार आहे. मगर शरीरातील उष्णतेच्या बळावर आपले तापमान स्थिर ठेवू शकत नाही; ती हिवाळ्यात सकाळी काठावर उन्हाला येऊन पडते आणि मे महिन्यात, हवा 40° से. पार गेली की, पाण्यात शिरते. तिच्या दृष्टीने नदी म्हणजे फार हळू बदलणाऱ्या तापमानाची जागा होय. माणसाची सोय निराळी : 30° से. च्या आसपास 1 ग्रॅम घाम वाळताना त्वचेकडून सुमारे 2,400 जूल उष्णता घेतो. माठ याच तत्त्वावर चालतो.

पाण्याची घनता सुमारे 4° से. ला सर्वाधिक असते आणि बर्फ तरंगतो. त्यामुळे शीत प्रदेशातील तळी वरून गोठतात व तळाचे जीव वाचतात. पाठ्यपुस्तकांत हा मुद्दा हमखास येतो, पण बडोद्याला तो लागू नाही. इथे थंडीच्या रात्री पृष्ठभागाचे पाणी निवून जड होते व खाली उतरते, इतकेच.

इतर गुणधर्म : 20° से. ला पृष्ठताण सुमारे 72.8 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो; लांब पायांचे कीटक पाण्यावर चालतात ते त्याच्या बळावर. उंच झाडांत पाणी कसे चढते याचे डिक्सन व जोली यांनी 1894-95 मध्ये दिलेले संसक्तीचे (रेणूंनी एकमेकांना धरून राहण्याचे) स्पष्टीकरण आज सामान्यतः ग्राह्य मानतात : पानांतून बाष्प जाते आणि प्रकाष्ठातील (पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीतील) पाण्याचा अखंड स्तंभ वर ओढला जातो. क्षार व शर्करा पाण्यात सहज विरघळतात, तेल विरघळत नाही. मेदयुक्त पेशीपटल टिकून राहते ते या दुसऱ्या गोष्टीमुळे. ऑक्सिजन मात्र पाण्यात कमीच विरघळतो, आणि पाणी तापले की आणखी कमी : 20° से. ला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30° से. ला सुमारे 7.5. उन्हाळ्यात उथळ तलावातील मासे पहाटे पृष्ठभागी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, कारण रात्रभर वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण बंद राहून श्वसन तेवढे चालू असते.