इबोला साथीचे आर्थिक परिणाम, पश्चिम आफ्रिका (2013–16)

डिसेंबर 2013 मध्ये गिनी देशाच्या आग्नेय कोपऱ्यातील गेकेदू भागात सुरू झालेली आणि पुढे लायबेरिया व सिएरा लिओन या शेजारी देशांत पसरलेली इबोलाची साथ ही या रोगाच्या ज्ञात इतिहासातील सर्वांत मोठी साथ होय. तीत 28,600 हून अधिक लोकांना लागण झाली व 11,300 हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या तीन देशांची एकत्रित लोकसंख्या त्या वेळी सव्वादोन कोटींच्या आसपास होती. म्हणजे रोग्यांचे प्रमाण हजारी जेमतेम सव्वा इतके भरते. तरीही शेती, बाजार, खाणी, शाळा आणि सरकारी तिजोरी यांपैकी काहीही या साथीच्या तडाख्यातून सुटले नाही. रोग्यांची संख्या आणि आर्थिक हानी यांच्यातील ही तफावत कशी निर्माण होते, हे समजून घेण्यासाठी गरीब देशांतील साथींच्या अभ्यासात या उदाहरणाला महत्त्व आले आहे.

पार्श्वभूमी : लायबेरियातील यादवी युद्ध 2003 मध्ये आणि सिएरा लिओनमधील 2002 मध्ये संपले. त्यानंतरच्या दशकात दोन्ही देशांनी लोहखनिजाच्या निर्यातीवर वेगाने वाढ साधली. लायबेरियाचा विकासदर 2013 मध्ये साडेआठ टक्क्यांच्या वर होता आणि सिएरा लिओनचा सुमारे वीस टक्के. मात्र ही वाढ मूठभर खाणींवर टेकलेली होती. बहुसंख्य लोक भात व कसावा पिकवून, रस्त्याकडेला किरकोळ विक्री करून किंवा रोजंदारीवर पोट भरत होते. आरोग्यव्यवस्था अत्यंत तुटपुंजी होती; चाळीस लाखांवर लोकसंख्या असलेल्या लायबेरियात साथीपूर्वी डॉक्टरांची संख्या पन्नासच्या घरात होती. तिन्ही देशांच्या सीमा जिथे मिळतात, त्या जंगलपट्ट्यात माणसांची व मालाची ये-जा अखंड चालते. रोग याच वाटांनी पुढे सरकला, आणि पुढे बंद झाल्या त्याही याच वाटा.

साथीची अधिकृत ओळख मार्च 2014 मध्ये पटली. ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संघटनेने त्याच महिन्याच्या अखेरीस ही साथ अभूतपूर्व असल्याचा इशारा दिला आणि जूनमध्ये ती आटोक्याबाहेर गेल्याचे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी घोषित केली ती 8 ऑगस्ट 2014 रोजी. या विलंबाची किंमत तीनही देशांना पुढे कितीतरी पटींनी मोजावी लागली.

भीतीतून आलेली मंदी : साथीचा आर्थिक भार दोन प्रकारांनी पडतो. आजारपण, मृत्यू, उपचारांचा खर्च आणि बुडालेले श्रमदिवस हा त्याचा प्रत्यक्ष भाग. दुसरा भाग लोकांनी एकमेकांचा संपर्क टाळल्याने निर्माण होतो : गिऱ्हाईक बाजारात येत नाही, मजूर शेतावर येत नाहीत, जहाज बंदराला लागत नाही, गुंतवणूकदार आपली माणसे परत बोलावतो. आधीच्या काही साथींच्या अनुभवावरून जागतिक बँकेने 2014 मध्ये असे नोंदवले की, एकूण आर्थिक परिणामाचा 80 ते 90 टक्के वाटा या दुसऱ्या प्रकारचा असतो. इबोला रोग्याच्या शरीरद्रवांच्या प्रत्यक्ष स्पर्शाने पसरतो, हवेतून नव्हे. त्यामुळे संपर्क टाळण्यामागची भीती निराधार नव्हती. पण सरकारांनी आणि परदेशांनी त्या भीतीला जे रूप दिले, ते पुष्कळदा रोगाच्या स्वरूपाशी जुळणारे नव्हते.

ऑगस्ट 2014 मध्ये सेनेगलने गिनीलगतची आणि आयव्हरी कोस्टने गिनी व लायबेरियालगतची सीमा बंद केली. ब्रिटिश एअरवेजने लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया व सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाउन येथील विमानसेवा थांबवली. एमिरेट्सने गिनीच्या राजधानीची, कोनाक्रीची, आणि एअर फ्रान्सने फ्रीटाउनची. प्रवासबंदी नको, असे जागतिक आरोग्य संघटना वारंवार सांगत असतानाच हे घडत होते. ब्रसेल्स एअरलाइन्स आणि रॉयल एअर मारोक या दोन कंपन्यांनी उड्डाणे चालू ठेवली नसती, तर मदतकार्याला लागणारी माणसे व साहित्य पोहोचवणेही दुरापास्त झाले असते. देशांतर्गतही हेच चित्र होते. सिएरा लिओनने कायलाहून व केनेमा हे पूर्वेकडील जिल्हे नाकेबंदीत ठेवले आणि सप्टेंबरमध्ये तीन दिवस संपूर्ण देशाला घरात बसवले. लायबेरियाने मनरोव्हियातील वेस्ट पॉइंट ही दाट झोपडवस्ती सुमारे दहा दिवस काटेरी तारांनी वेढून टाकली. रोज कमावून रोज खाणाऱ्या वस्तीत दहा दिवसांची कोंडी म्हणजे काय, हे कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यातून दिसत नाही.

असा अनुभव भारतालाही आलेला आहे. सप्टेंबर 1994 मध्ये, खानदेशातून आलेल्या मराठी कामगारांचीही मोठी वस्ती असलेल्या सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरताच लाखो लोक शहर सोडून गेले. मृतांची संख्या पन्नाशीच्या आसपास राहिली. पण परदेशी विमानसेवा, पर्यटन आणि निर्यात खंडित झाल्याने झालेल्या नुकसानीचे अंदाज दोन अब्ज डॉलरपर्यंत जातात.

घरे, बाजार आणि शेती : आठवडी बाजारांना गिनी व सिएरा लिओनमध्ये ‘लुमा’ म्हणतात. ते बंद झाल्याने सर्वाधिक नुकसान स्त्रियांचे झाले, कारण किरकोळ व्यापार बहुतांशी त्यांच्याच हातात होता. जागतिक बँकेने लायबेरियात मोबाइल फोनवरून घेतलेल्या पाहणीत असे आढळले की, साथ सुरू होताना काम करत असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक नोव्हेंबर 2014 मध्ये बेकार होते आणि स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांना सर्वाधिक झळ बसली होती. व्यापाराचे भांडवल बहुधा ‘सुसू’ नावाच्या भिशी गटांतून येई. बाजार बंद पडल्यावर वर्गणी थांबली, हाती असलेले पैसे धान्यात खर्च झाले आणि बाजार पुन्हा उघडले तेव्हा माल भरायला भांडवल उरले नव्हते. माझ्या मते साथ संपल्यावरही गरिबी रेंगाळली, त्यामागील हे एक मुख्य कारण आहे. आजार बरा होतो, पण मोडलेले भांडवल आपोआप उभे राहत नाही.

किमतींच्या बाबतीत दिसलेले चित्र वरवर गोंधळात टाकणारे आहे. मनरोव्हियाच्या रेड लाइट बाजारात ऑगस्ट 2014 च्या पहिल्या काही आठवड्यांत कसावाचा भाव दीडशे टक्क्यांनी वाढल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नोंदवले. उलट सिएरा लिओनमधील बाजारांच्या पाहणीत, नाकेबंदीतील जिल्हे वगळता, धान्याचे भाव फारसे चढले नाहीत. मात्र बाजारात बसणाऱ्या व्यापाऱ्यांची संख्या लक्षणीय घटली. विकत घेणाऱ्याच्या हातात पैसा नसेल तर पुरवठा आटूनही भाव स्थिर राहू शकतो. त्यामुळे केवळ भावावरून टंचाई मोजणारी व्यवस्था अशा काळात फसगत करते.

शेतीचे एकूण उत्पादन मात्र भीती होती तितके कोसळले नाही. 2014 च्या हंगामात भाताचे उत्पादन लायबेरियात सुमारे 12 टक्क्यांनी आणि सिएरा लिओनमध्ये सुमारे 8 टक्क्यांनी घटले. पण हे देशाचे सरासरी आकडे आहेत. लायबेरियाचे धान्याचे कोठार समजला जाणारा लोफा परगणा साथीच्या ऐन तडाख्यात सापडला होता, आणि तेथील घट सुमारे 20 टक्के होती. तिथे सावडीने शेतीकाम करणाऱ्या ‘कू’ नावाच्या गटांवर बेणणी व कापणी अवलंबून असते. लोक एकत्र जमेनासे झाल्यावर ही पद्धतच ठप्प झाली. गिनीतील फूटा जालोन पठारावर पिकणारा बटाटा सेनेगलच्या बाजारात जात असे. सीमा बंद झाल्याने तो शेतकऱ्यांच्या घरात पडून राहिला. त्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांनी इबोलाचा रोगी पाहिलाही नव्हता.

खाणी व मळे : परकी कंपन्यांनी कर्मचारी हलवले आणि विस्ताराची कामे थांबवली. आर्सेलरमित्तलने लायबेरियातील येकेपा खाणीच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ऑगस्ट 2014 मध्ये स्थगित केले. सिएरा लिओनमध्ये मारांपा खाण चालवणारी लंडन मायनिंग ही कंपनी ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत गेली आणि वर्षअखेरीस टोंकोलिली येथील मोठी खाणही बंद पडली. या पडझडीचे सगळे खापर इबोलावर फोडणे चूक ठरेल. त्याच वर्षात लोहखनिजाचा जागतिक भाव टनामागे 130 डॉलरच्या वरून 70 डॉलरच्या आसपास उतरला होता. सिएरा लिओनची अर्थव्यवस्था 2015 मध्ये वीस टक्क्यांहून अधिक आकुंचन पावली, ती या दोन आघातांच्या एकत्रित परिणामाने. त्यातला रोगाचा वाटा किती आणि भावाचा किती, हे नेमके वेगळे करता येत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण लायबेरियातील हार्बेल येथील फायरस्टोन कंपनीच्या रबर मळ्याचे आहे. कामगार व त्यांची कुटुंबे मिळून सुमारे 80,000 लोकांची ही वसाहत. मार्च 2014 अखेरीस तेथे पहिला रुग्ण आढळला आणि त्याला राजधानीत हलवण्याची सोय होईना, तेव्हा कंपनीने आपल्याच आवारात विलगीकरण केंद्र उभारले, संपर्कातील लोकांना राहण्याखाण्याची सोय देऊन वेगळे ठेवले आणि मळ्याचे काम चालू ठेवले. पैसा, वाहने आणि एका व्यवस्थापनाखालची वस्ती हाताशी असेल तर रोग व उत्पन्न दोन्ही सांभाळता येतात, हे यातून दिसते; लोफा किंवा कायलाहूनमधल्या खेड्यांकडे यांपैकी काहीही नव्हते.

सरकारी तिजोरी व परकी मदत : कर व खाणपट्ट्यांचे उत्पन्न घटले आणि त्याच वेळी खर्च वाढला. 2015 या एका वर्षात तिन्ही देशांनी मिळून सुमारे 2.2 अब्ज डॉलरचे राष्ट्रीय उत्पन्न गमावले, असा जागतिक बँकेचा हिशेब आहे. सामाजिक हानी व इतर रोगांमुळे झालेले मृत्यू जमेस धरून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने एकूण भार 53 अब्ज डॉलर काढला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सप्टेंबर 2014 मध्ये 130 दशलक्ष डॉलरचे तातडीचे साहाय्य मंजूर केले आणि पुढील वर्षी आपत्तिनिवारणासाठी नवा निधी निर्माण करून सुमारे 100 दशलक्ष डॉलरचे कर्ज माफ केले.

मदतीचा आकडा मोठा होता, पण ती वेळेवर आली नाही. अमेरिकी लष्कराच्या मोहिमेतून लायबेरियात उभारलेल्या 11 उपचारकेंद्रांपैकी 9 केंद्रांत इबोलाचा एकही रुग्ण दाखल झाला नाही, कारण ती तयार होईपर्यंत साथ ओसरली होती. दुसरीकडे, प्रेते पुरणारे आणि रुग्णांची सेवा करणारे कर्मचारी जोखीमभत्ता न मिळाल्याने संपावर जात होते. सिएरा लिओनने हा भत्ता मोबाइलवरून थेट कर्मचाऱ्यांना देण्यास सुरुवात केल्यावर महिनाभराचा विलंब आठवड्यावर आला आणि खोट्या नावांवर जाणारा पैसा थांबला. साथीच्या काळातील आर्थिक उपायांपैकी याइतका स्वस्त आणि याइतका परिणामकारक उपाय क्वचितच सापडेल.

आरोग्यसेवा व शिक्षण : लायबेरियाने आपल्या डॉक्टर, परिचारिका व सुईणींपैकी सुमारे 8 टक्के आणि सिएरा लिओनने सुमारे 7 टक्के या साथीत गमावले. केनेमाच्या शासकीय रुग्णालयातील विषाणुजन्य तापाचे तज्ज्ञ डॉ. शेख हुमार खान हे 29 जुलै 2014 रोजी मरण पावले. सिएरा लिओनमध्ये या विषयाचा त्यांच्या तोडीचा दुसरा जाणकार नव्हता. रुग्णालयांच्या भीतीने लोक दवाखान्यांपासून दूर राहिले, लसीकरण खंडित झाले आणि बाळंतपणे पुन्हा घरी होऊ लागली. उपचार बंद पडल्याने हिवताप, क्षय व एचआयव्ही यांमुळे झालेल्या जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे 10,600 आहे, म्हणजे प्रत्यक्ष इबोलाच्या बळींइतकाच.

सुमारे 50 लाख मुलांच्या शाळा बंद होत्या. गिनीत त्या जानेवारी 2015 मध्ये, लायबेरियात फेब्रुवारीत आणि सिएरा लिओनमध्ये एप्रिलमध्ये उघडल्या. या काळात अल्पवयीन मुलींच्या गर्भारपणाचे प्रमाण वाढले. त्यांना आधार देण्याऐवजी सिएरा लिओन सरकारने शाळा उघडताना गर्भवती मुलींना वर्गात बसण्यास मनाई केली. घराची कमाई बुडालेली असताना केलेला हा अन्याय होता, आणि आर्थिक दृष्टीनेही तो आत्मघातकी होता. कारण अर्धवट सुटलेल्या शिक्षणाची भरपाई त्या मुलींना आयुष्यभर कमी मजुरीच्या रूपाने करावी लागते. ज्या गावांत साथीपूर्वीपासून मुलींसाठी मंडळे चालत होती, तेथे ही गळती बरीच कमी राहिली, असे तुलनात्मक पाहणीत दिसले. डिसेंबर 2019 मध्ये पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने ही बंदी भेदभावाची ठरवली आणि मार्च 2020 मध्ये ती उठली.

शेजारी देश : गांबियात इबोलाचा एकही रुग्ण नव्हता, तरी त्याचा पर्यटन हंगाम बुडाला, हजारो किलोमीटर दूर असलेल्या केनिया व टांझानियातील सफारींची मागणीही घसरली. मोरोक्कोने 2015 ची आफ्रिकी फुटबॉल स्पर्धा भरवण्यास नकार दिला आणि ती विषुववृत्तीय गिनीत हलवावी लागली. नायजेरियात मात्र, जुलै 2014 मध्ये लागोसला विमानाने आलेल्या एका रुग्णापासून पसरलेला संसर्ग 20 जणांवरच रोखला गेला. पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेली तपासयंत्रणा व कर्मचारी तिथे तातडीने संपर्कशोधाला लावता आले, आणि दोन कोटींच्या आसपास वस्ती असलेल्या त्या व्यापारी शहराचे व्यवहार थांबले नाहीत.

पुढील घडामोडी : जागतिक बँकेने 2017 मध्ये साथरोगांसाठी विम्याच्या धर्तीवर आपत्कालीन निधी उभारला आणि त्यासाठी 320 दशलक्ष डॉलरचे रोखे विकले. परंतु काँगोच्या पूर्व भागात 2018 ते 2020 दरम्यान आलेल्या साथीत 2,200 हून अधिक लोक मरण पावले, तरी या रोख्यांतून काहीच मिळाले नाही. पैसा सुटण्यासाठी दुसऱ्या देशातही किमान 20 मृत्यू व्हावेत अशी अट होती आणि ती पूर्ण झाली नव्हती. पैसा लवकर लागतो, हे ओळखून केलेल्या योजनेत पैसा उशिराच सुटेल अशी अट घातली गेली, हा तिचा मूलभूत दोष होता. त्या मानाने लशीवर झालेला खर्च अधिक फलदायी ठरला. 2015 मध्ये गिनीतच चाचणी झालेली लस, फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच देशाच्या न्झेरेकोरे भागात इबोला पुन्हा उद्भवला तेव्हा, काही दिवसांतच उपलब्ध झाली. ती साथ 23 रुग्ण व 12 मृत्यूंवर थांबली आणि 19 जून 2021 रोजी संपल्याचे जाहीर झाले.