गोव्यातील सोन्याचांदीची जुनी नाणी : संग्रह व प्रतवारी

गोव्यात जुने सोन्याचे नाणे पेटीपेक्षा दागिन्यात अधिक टिकले. त्यामुळे नाणे हाती आले की जाणता संग्राहक राजाचे नाव वाचण्याआधी कड चाचपतो आणि कडी डागल्याची खूण शोधतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे पुतळी. हा मुळात व्हेनिसचा डुकाट : वजन सुमारे ३.५ ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसरीकडे ख्रिस्त. आपल्याकडे या आकृत्यांवरून नाण्याला पुतळी नाव पडले, कोणी त्यांत राम-सीताही पाहिली, आणि पुतळ्यांची माळ घडली. पुढे सोनारांनीच नकली पुतळ्या पाडल्या. त्यांवरची अक्षरे लॅटिनसारखी दिसतात, पण वाचता येत नाहीत. अशी पुतळी खोटी म्हणून बाजूला टाकू नये. तो वेगळा संग्रह होतो.

गोव्याची स्वतःची परंपरा त्याहून जुनी आहे. गोव्याच्या कदंब राजांच्या सुवर्णनाण्यांवर सिंह आहे आणि नागरी लेखात कुलदैवत सप्तकोटीश्वराचे नाव. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अफोंसो द आल्बुकेर्कने गोव्यात टाकसाळ घातली. तिथे सोन्याचा मानुएल, चांदीचा एस्फेरा आणि तांब्याचा लेआल पडू लागला. नंतर शेराफिन हे नाणे आले. पाच टांगांचा (टांगा हेही नाणेच) एक शेराफिन, दोन शेराफिनांचा एक रुपया, असा हिशेब होता. १८८१ चे रुपये कलकत्त्याच्या टाकसाळीत पाडले गेले, वजन ११.६६ ग्रॅम, कस ९१७ (हजार भागांत ९१७ चांदी), म्हणजे ब्रिटिश रुपयाइतकाच.

प्रतवारीसाठी जगभर शेल्डन मापन वापरतात. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी ते अमेरिकेच्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी मांडले : १ म्हणजे जेमतेम ओळखू येणारे, ७० म्हणजे निर्दोष. यंत्रावर पडलेल्या १८८१ च्या रुपयाला ते नीट लागू पडते. त्यावरच्या पोर्तुगालचा राजा लुईशचे केस आणि गाल आधी झिजतात, तिथे पाहावे. हातोड्याने ठोकलेल्या जुन्या गोमंतकीय नाण्यांची गोष्ट निराळी. सोन्याच्या शेराफिनांवर क्रुसाच्या चार कोनांत सालाचे चार आकडे असतात. ठसा जरा सरकला की एखादा आकडा नाण्याबाहेरच जातो. ती झीज नव्हे, टाकसाळीची उणीव. झिजलेल्या जागी धातू गुळगुळीत होतो, ठसा न उठलेल्या जागी तो खडबडीत राहतो. हा फरक न कळणाऱ्याने अंक देऊ नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खरेखोटे पाहण्यास तराजू आणि पाणी पुरते. त्यांनी घनता, म्हणजे धातू पाण्याच्या कितीपट जड, ते कळते : शुद्ध सोन्याची १९.३, चांदीची १०.५. ओतीव नकलांच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात.

चिंचेने घासून लखलखीत केलेली चांदी संग्राहकाच्या दृष्टीने बिघडलेली असते. काळवंडलेला थर हा नाण्याच्या वयाचा भाग आहे आणि तो एकदा गेला की परत येत नाही. देवघरातली लक्ष्मीपूजनाची नाणी अशीच मायेने घासली जाऊन दरवर्षी थोडी थोडी उतरतात.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा १९१२ चा रुपया त्यात आला आहे. १९३५ चा अजून नाही.