एका विजयात कुणाचा वाटा किती? बेसबॉलच्या हिशेबाची पार्श्वभूमी

१५ ऑक्टोबर १९८८, लॉस एंजेलिस. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना, नववा म्हणजे शेवटचा डाव. यजमान डॉजर्स ३-४ ने मागे, दोघे बाद (तिसरा बाद झाला की डाव संपतो), दुसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या तीन थांब्यांपैकी दुसऱ्यावर, एक धावपटू. चेंडू कॅलिफोर्नियातल्याच ओकलंड संघाच्या डेनिस एकर्स्लीच्या हातात. हातात आलेला सामना तो सहसा निसटू देत नसे. बॅट घेऊन आला कर्क गिब्सन. त्याचे पाय इतके दुखावले होते की धड चालवतही नव्हतं. त्याने चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला. हा 'होम रन': फलंदाज आणि बेसवरचे सगळे धाव पुरी करतात. दोन धावा आल्या आणि डॉजर्स ५-४ जिंकले. फटक्याआधी डॉजर्सच्या विजयाची शक्यता होती साधारण १३ टक्के, फटक्यानंतर शंभर. म्हणून आज त्या फटक्याच्या नावावर ०.८७ विजय मांडलेला दिसतो.

हा असा हिशेब करायचं डोक्यात येऊन तो प्रत्यक्षात उतरायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि त्याची सुरुवात क्रिकेटमधून झाली. हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. लहानपणी अमेरिकेत आला आणि पुढे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या देऊ लागला. १८५६ च्या सुमारास न्यू जर्सीतल्या होबोकनच्या मैदानावर त्याने बेसबॉलचा सामना पाहिला आणि त्या खेळाने त्याला जन्मभरासाठी धरून ठेवलं. सामन्याचा धावफलक कसा छापावा आणि सरासरी कशी काढावी, ही शिस्त त्याने बेसबॉलला लावली. मात्र सोबत एक खोटही आली. पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, वाईट चेंडू संयमाने सोडून फलंदाजाने पहिला बेस मिळवला, तर त्याला 'वॉक' म्हणतात. क्रिकेटमध्ये वाइड जसा फलंदाजाच्या खात्यात जात नाही, तसं वॉकचं श्रेयही चॅडविकने फलंदाजाला दिलं नाही. त्या एका निर्णयामुळे कित्येक पिढ्यांमधले संयमी फलंदाज कागदावर सामान्य ठरले.

सरासरीवर पहिला नेमका घाव घातला तो एफ. सी. लेन या संपादकाने, १९१६ मध्ये. सरासरीत नुसते फटके मोजले जातात, म्हणून तिच्या लेखी एका बेसचा फटका आणि होम रन सारखेच. लेनने विचारलं, खिशात नाणी किती एवढंच मोजायचं आणि कुठलं किती सेंटचं ते बघायचंच नाही, हा कसला हिशेब? प्रश्न बिनतोड होता, पण ऐकलं कुणी नाही. उलट १९२० पासून 'आरबीआय', म्हणजे आपल्या फटक्यावर किती धावा आल्या, हा आकडा अधिकृत झाला. त्यात तर फलंदाजाच्या कर्तबगारीइतकाच आधीचे सहकारी बेसवर पोचले होते की नाही याचाही भाग असतो.

या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस जॉर्ज लिंडसे. हा कॅनडाच्या संरक्षण खात्यातला संशोधक, युद्धातल्या निर्णयांचं गणित मांडणारा. बेसबॉलसाठी त्याला हवी होती प्रत्येक खेळीनंतरची परिस्थिती, आणि ती कुठेच छापलेली नव्हती. मग त्याचे वडील चार्ल्स रेडिओपाशी बसले. १९५९ आणि १९६० च्या हंगामांतले शेकडो सामने ऐकून त्यांनी घडेल ते लिहून काढलं. कुठलंही यंत्र नाही. हाती कागद-पेन्सिल आणि कानाशी समालोचकाचा आवाज.

त्या वह्यांमधून १९६३ मध्ये लिंडसेचा तक्ता छापून आला. बेस तीन, त्यांवर धावपटू असण्या-नसण्याच्या आठ तऱ्हा. बाद शून्य, एक किंवा दोन. म्हणजे एकूण २४ परिस्थिती. प्रत्येक परिस्थितीपासून डाव संपेपर्यंत सरासरी किती धावा येतात, ते त्याने मांडलं. पहिल्या बेसवर धावपटू आणि कुणीच बाद नाही: ०.८१ धावा. आता 'बंट' घ्या, म्हणजे बॅट नुसती टेकवून स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला दुसऱ्या बेसवर सरकवणं. उभा अमेरिकन बेसबॉल या त्यागाचं कौतुक करत आला होता. तक्ता सांगतो, दुसऱ्या बेसवर धावपटू आणि एक बाद: ०.६७ धावा. त्यागाने संघाचं सरासरी नुकसानच व्हायचं. एकाच धावेची गरज असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, आणि लिंडसेने तिचाही विचार केला होता. याच रीतीने त्याने फटक्यांचं मोल ठरवलं: एका बेसचा फटका ०.४१ धावा, होम रन १.४२. लेनच्या नाण्यांवर अखेर किमती छापल्या गेल्या. किती षटकं आणि किती गडी उरलेत यावर उरलेलं बळ मोजणारं डकवर्थ-लुईस क्रिकेटमध्ये आलं १९९७ मध्ये. विचार याच जातकुळीतला.

धावांकडून थेट विजयाकडे उडी मारली एल्डन आणि हार्लन मिल्स या भावांनी. हार्लन आयबीएममधला नामवंत संगणकतज्ज्ञ. डाव कितवा, फरक किती धावांचा, बेसवर कोण, बाद किती, अशा प्रत्येक परिस्थितीतून संगणकावर सामना पुन्हा पुन्हा खेळवून त्यांनी जिंकण्याची शक्यता काढली आणि १९६९ च्या संपूर्ण हंगामातल्या खेळाडूंना प्रत्येक खेळीमागे गुण दिले वा कापले. त्यांचं पुस्तक १९७० मध्ये आलं. कल्पना काळाच्या फार पुढची होती. चेंडूगणिक नोंदी सामान्य अभ्यासकाला मिळतच नव्हत्या.

१९७१ मध्ये कूपर्सटाउनला बेसबॉल संशोधकांची 'सेबर' ही संस्था स्थापन झाली. तिच्याच नावावरून बिल जेम्सने या अभ्यासाला 'सेबरमेट्रिक्स' म्हटलं. जेम्स कॅन्ससमधल्या एका डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा रखवालदार होता आणि १९७७ पासून आपली वार्षिक पुस्तिका स्वतःच छापून विकत होता. संघाने केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, एवढ्यावरून विजयांचं प्रमाण बरंच अचूक निघतं, हे त्याने दाखवलं. ८०० धावा केल्या, ७०० दिल्या, तर १६२ सामन्यांत सुमारे ९२ विजय. बरोबरीतल्या संघाचे ८१. म्हणजे शंभर धावांच्या फरकाला अकराच्या आसपास विजय. पीट पामरने १९८४ मध्ये जॉन थॉर्नबरोबरच्या पुस्तकात हाच विनिमयदर रूढ केला: साधारण दहा धावांना एक विजय.

नोंदींचा दुष्काळही हटू लागला. १९८४ मध्ये जेम्सच्या हाकेला ओ देऊन चाहत्यांनी सामने टिपायला घेतले आणि १९८९ मध्ये डेव्हिड स्मिथ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने 'रेट्रोशीट' सुरू करून जुन्या सामन्यांच्या नोंदवह्या गोळा करायचा ध्यास घेतला. गोळा केलेलं सगळं विनामूल्य खुलं केलं. पुढे 'विन प्रॉबॅबिलिटी ॲडेड', म्हणजे खेळीने विजयाची शक्यता किती वाढवली हे माप, सगळ्यांच्या आवाक्यात आलं ते या लोकांमुळे. त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

पण हे माप प्रसंगाला बांधलेलं. नऊ धावांनी पुढे असताना तसाच होम रन मारा, खात्यात जवळपास काहीच पडत नाही. खेळाडूची मूळ कुवत मोजायची तर प्रसंग बाजूला ठेवावा लागतो, आणि तो प्रवाह येऊन पोचला 'वॉर'पाशी ('विन्स अबव्ह रिप्लेसमेंट'चं लघुरूप). सहज उपलब्ध होणारा, स्वस्तातला बदली खेळाडू उभा केला असता तर जितके विजय मिळाले असते, त्यापेक्षा याने किती जास्त मिळवून दिले, हा 'वॉर'. २०१३ मध्ये दोन मोठ्या आकडेवारी संकेतस्थळांनी पाया एकच धरला: निव्वळ बदली खेळाडूंचा संघ १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकेल. तीस संघांच्या हंगामात सामने २,४३०. त्यांतून हे ४८-४८ वजा केले की सगळ्या खेळाडूंत वाटायला साधारण एक हजार विजय उरतात.

आता गिब्सनचा तो फटका या तराजूत टाका. १.४ धावा, म्हणजे जेमतेम ०.१४ विजय. एकच चेंडू, एकच माणूस, आणि दोन मापांत सहापट तफावत. मला यात कुठलंही माप खोटं वाटत नाही. त्या रात्री सामना कुणी फिरवला, हे पहिलं माप सांगतं. पुढच्या हंगामासाठी कुणाला घ्यावं, हे विचारायचं असेल तर दुसऱ्याकडे जावं.

या दोन प्रश्नांची गल्लत २०१२ मध्ये सगळ्यांसमोर आली. डेट्रॉइटचा मिगेल काब्रेरा सरासरी, होम रन आणि आरबीआय तिन्हींत लीगमध्ये पहिला. १९६७ नंतर हे कुणालाच जमलं नव्हतं. दुसरीकडे एंजल्सचा नवखा माइक ट्राउट बेसवरची धाव आणि क्षेत्ररक्षण धरून 'वॉर'मध्ये बराच पुढे. सर्वोत्तम खेळाडूचा मान काब्रेराला मिळाला, पहिल्या पसंतीच्या २८ पैकी २२ मतांनी. डेट्रॉइट आपल्या गटात पहिलं आलं, हे त्याच्या बाजूने मांडलं जाई. प्रत्यक्षात त्यांचे विजय होते ८८, आणि बाद फेरी हुकलेल्या एंजल्सचे ८९.

क्षेत्ररक्षणाचं माप अजून पक्कं बसलेलं नाही. एकाच खेळाडूचा 'वॉर' दोन संकेतस्थळांवर वेगळा दिसतो तो बऱ्याचदा त्यामुळेच. तरी २०२२ च्या करारात मालक आणि खेळाडूंच्या संघटनेने तरुण खेळाडूंसाठी वर्षाला ५ कोटी डॉलरचा बोनस ठेवला, आणि पुरस्कारांचे पैसे दिल्यावर उरलेली रक्कम वाटण्यासाठी 'वॉर'चाच आधार घेतला.