सीसी जास्त म्हणजे ताकद जास्तच?
‘सीसी जास्त तीच गाडी दमदार, टर्बो म्हणजे नुसता देखावा’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांची एकूण क्षमता; १,००० सीसी म्हणजे एक लिटर. साध्या, बिनटर्बो इंजिनांच्या काळात ते बरंचसं खरंही होतं. पण ताकद येते जळणाऱ्या इंधनातून, आणि १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. मोठ्या सिलिंडरमध्ये हवा जास्त मावते. टर्बो हा पंप इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तेवढी हवा छोट्या सिलिंडरमध्ये दाबून भरतो.

पडताळायचंय? माहितीपत्रकात टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर, एनएममध्ये मोजतात) किती आणि कितव्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या), ते पाहा. दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाला साधारण १४५ एनएम, तेही ४,००० च्या वर. एक लिटरच्या टर्बोला बऱ्याचदा १७० च्या आसपास, दीड-दोन हजारांपासूनच. त्या आरपीएमच्या खाली मात्र टर्बो सुस्त. घाटात चढाला तिसऱ्या गिअरवर रेंगाळलात तर मोठं इंजिनच बरं वाटेल.