ठळक छापलेले आकडे

दुपारी चारच्या सुमाराला आमच्या नौपाड्यातल्या घराची बेल वाजली की समजावं, कुणाचा तरी रिपोर्ट आला. सकाळी रक्त दिलेलं असतं, दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर पीडीएफ येऊन पडते. मी बत्तीस वर्षं कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे इमारतीतले रिपोर्ट आधी माझ्याकडे येतात आणि मग डॉक्टरांकडे जातात. हा क्रम उलटा आहे, असं मी प्रत्येकाला बजावते. मग चष्मा शोधते.

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आली. मुलगी म्हणजे बेचाळीस वर्षांची. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून ऐरोलीला जाते. चार वर्षांपासून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. "काकू, तीन-तीन ठळक आलेत," म्हणाली. टीएसएच ७.८, व्हिटॅमिन डी १४, बी१२ १८७. फ्री टी४ १.१ होतं, पण ते साध्या अक्षरांत छापलेलं असल्यामुळे तिने पाहिलंच नव्हतं. "आता ७५ची गोळी आणू ना?"

थांब म्हटलं, आधी चहा घे.

रेंजबाहेरचा आकडा लॅब ठळक छापते. ठळक अक्षरांचा धाक मोठा असतो, पण सगळी ठळक अक्षरं एका जातीची नसतात. टीएसएचची 'नॉर्मल रेंज' लॅबप्रमाणे थोडी बदलते, साधारण ०.४ ते ४.५. ती ठरवण्याची रीत सोपी आहे. पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के ठेवायचे. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच माणसं केवळ व्याख्येमुळे रेंजबाहेर पडणार. अशा रीतीने रेंज बांधलेल्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्यांचं पॅकेज एखाद्या निरोगी माणसाने केलं, तर निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. गणित करून पाहा: ०.९५चा विसावा घात ०.३६ येतो, तो १ मधून वजा करायचा. 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिरातीत हे कुणी छापत नाही.

व्हिटॅमिन डीची मर्यादा मात्र या रीतीने बांधलेली नाही. तशी बांधली असती, तर आपल्या शहरांत १४ हा आकडाही कदाचित 'नॉर्मल'मध्ये बसला असता, इतकी ही कमतरता सर्रास आहे. तिथली रेषा हाडांसाठी किती पुरेसं, यावरून तज्ज्ञांनी आखलेली आहे आणि त्यांचंही एकमत नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने रक्ताच्या मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम पुरे म्हटलं; त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने, ३० हवं म्हटलं. पुढे २०२४ मध्ये सोसायटीने स्वतःच तो ३०चा आग्रह सोडला. आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टांवर मात्र ३० अजून ठाण मांडून आहे. त्यामुळे २६ आलं की घाबरू नये. १४ कमीच, त्यात वाद नाही.

आता टीएसएच. त्याला 'थायरॉइडचा आकडा' म्हणतात, पण ते थायरॉइडमधून निघतच नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते, ती हे सोडते. सकाळी सातला आई पोराला हाक मारते तसंच हे. पोरगं उठलं तर हाक थांबते, नाही उठलं तर आवाज चढतो. टीएसएच म्हणजे ती हाक. गळ्यातली फुलपाखरासारखी थायरॉइड ग्रंथी टी४ आणि थोडं टी३ ही हार्मोनं बनवते, ते उठलेलं पोरगं. म्हणून थायरॉइड मंद असताना टीएसएच वाढतं. "वाढलंय म्हणजे थायरॉइड जास्त झालंय" असा उलटा अर्थ लावणारे दर महिन्याला एक-दोन भेटतातच.

आणि या आईचा आवाज भलताच चढतो. टी४ निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, शंभरपटीच्या आसपास जाऊ शकतं. म्हणूनच ही चाचणी इतकी तिखट आहे. टी४ अजून रेंजमध्ये असतानाही टीएसएच बोलायला लागतं. पण त्याच कारणाने टीएसएच ४ वरून ८ झालं म्हणजे आजार दुप्पट झाला, असा हिशेब लावता येत नाही. टी४ किंचित सरकलेलं असतं, एवढंच. फ्री टी४मधलं 'फ्री' फुकट या अर्थाचं नाही, मोकळं या अर्थाचं आहे. रक्तातल्या टी४च्या दहा हजार रेणूंपैकी जेमतेम दोन-तीन मोकळे असतात, बाकीचे प्रथिनांना चिकटलेले. काम मोकळे रेणूच करतात.

तिचं फ्री टी४ छान होतं आणि टीएसएच चढलेलं. आकड्यांकडे बघत बसण्यापेक्षा मी तिला विचारलं, "गणपतीला गावी गेली होतीस ना? गोळ्या नेल्या होत्यास?"

ती हसली. शंभर गोळ्यांची बाटली ठाण्याला फ्रिजवरच राहिली होती. सिंधुदुर्गात अकरा दिवस मोदक, भजन, आरत्या. गोळी एकही नाही. परत आल्यावर नेमाने सुरू केली आणि दहाव्या दिवशी रक्त दिलं.

उत्तर तिथेच होतं. शरीरातलं टी४ निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून एखादी गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही, पण अकरा दिवसांत पातळी चांगलीच उतरते. गोळी पुन्हा सुरू केली की टी४ आधी सावरतं. पियूषिकेला मात्र विश्वास बसायला आठवडे लागतात. पोरगं उठून दात घासतंय, तरी आई स्वयंपाकघरातून ओरडतेच आहे, ती ही अवस्था. डोस बदलल्यावर किंवा खंड पडल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून तपासायला सांगतात ते यासाठी. त्याआधी काढलेला रिपोर्ट खोटा नसतो, शिळा असतो. त्या आकड्यावर ७५ची गोळी सुरू केली असती, तर काही महिन्यांनी छातीत धडधड, हाताला कंप, आणि वर्षानुवर्षं चाललं तर हाडांची झीज. गर्भारपणात मात्र हे 'थांबून बघू' चालत नाही. तिथे मर्यादाही वेगळ्या असतात आणि डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जायचं.

गणपतीपुरतंच असतं तरी बरं. "गोळी घेतेस कशी?" विचारलं तर म्हणाली, "उठल्या उठल्या, चहाबरोबर. सात वाजता पोळी-भाजी खाताना कॅल्शियम आणि लोहाची." हे गोळीचे जुने वैरी. कॅल्शियम आणि लोह पोटात गोळीतल्या लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे बाहेरून दिलेल्या टी४ला, धरून ठेवतात, मग ते रक्तात पोचत नाही. दोहोंत चार तासांचं अंतर हवं. गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल रोज घेणाऱ्यांनाही ती कमी लागू पडते. सहा-अठराची गाडी असलेल्या बाईला पाऊण तास आणायचा कुठून, हा प्रश्न खराच आहे. रात्री जेवणानंतर तीन तासांनी, रिकाम्या पोटी घेतली तरी चालते. डॉक्टरांना विचारून तिने तेच सुरू केलं. बाटली घट्ट बंद ठेवावी, कारण या औषधाला दमट हवा, ऊन आणि उकाडा मानवत नाही, आणि ठाण्यात जूनपासून दमटपणाची कमतरता नसते.

ही गोळी हातात घेताना मला नेहमी न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे आठवतात. १८९१ मध्ये त्यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून एका थकून सुजलेल्या बाईंना टोचला. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या. टीएसएच मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. चेहऱ्याची सूज, थंडी वाजणं, बोलण्यातला जडपणा यांवरून अंदाज घ्यायचा. खुद्द थायरॉक्सिन, म्हणजे टी४, वेगळं काढलं एडवर्ड केंडॉल यांनी, १९१४च्या नाताळच्या दिवशी. आणि आपल्यासारख्यांच्या ग्रंथीवर स्वतःचीच प्रतिकारशक्ती चाल करून जाते, त्या आजाराचं वर्णन १९१२ मध्ये जपानच्या हाशिमोतो यांनी केलं. रिपोर्टात 'अँटी-टीपीओ' वाढलेलं दिसतं ते याच भांडणाचं चिन्ह. ते दर तीन महिन्यांनी मोजायची गरज नाही. त्यावरून डोस ठरत नाही.

सगळ्यात गमतीचा घोळ केसांचा. थायरॉइड मंद असलं की केस गळतात. केस गळतात म्हणून कुणीतरी बायोटिन सुचवतं. शरीराला रोज ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केसांच्या गोळीत १० मिलिग्रॅमसुद्धा असतं, म्हणजे तीनशेपटीहून जास्त. शरीराला त्याचा फारसा त्रास नाही, पण अनेक यंत्रं नेमक्या बायोटिनच्याच हुकाला लटकवून हार्मोन मोजतात. रक्तात आधीच बायोटिनची गर्दी असली की यंत्राचे हूक अडून जातात; टीएसएच खोटं कमी दिसतं आणि फ्री टी४ खोटं जास्त. रिपोर्ट वाचून कुणीही म्हणेल, गोळी जास्त होतेय, कमी करा. म्हणजे केस वाचवायला घेतलेल्या गोळीपायी थायरॉइडची गोळी कमी होणार आणि केस आणखी गळणार! काही यंत्रांवर डी आणि बी१२ही असेच फुगून येतात. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं. मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही वाचावीत. लॅबचा मुलगा "साखरेची गोळी घेतली का" विचारतो, हे विचारत नाही.

वेळही महत्त्वाची. टीएसएच मध्यरात्रीनंतर चढतं आणि दुपारी उतरतं. मागच्या वेळी सकाळी साडेसातला दिलं आणि या वेळी ऑफिसातून येताना, तर दोन आकड्यांची तुलना करून उपयोग नाही. सकाळी, गोळी घ्यायच्या आधी, आणि शक्यतो त्याच लॅबला द्यावं.

राहिला डीचा १४. ठाणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, १९ अंशांवर. सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावरून जातो. तरी ही परिस्थिती, कारण डी बनवणारे किरण दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान जोरात असतात आणि त्या वेळी ती ऐरोलीत काचेच्या भिंतीआड बसलेली असते. काचेतून ऊन येतं, हे किरण येत नाहीत. तलावपाळीला सकाळी सहाला फेऱ्या मारणाऱ्यांनाही फारसे मिळत नाहीत. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर तो व्यायाम समजावा. त्यातून तिचं रक्त पावसाळ्याच्या शेवटी काढलेलं. तिला डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी दिली, आठवड्यातून एक, आठ आठवडे. ही पुडी रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम भलतं वाढवून घेतलेली माणसं आहेत, म्हणून कॅलेंडरवर खूण करायला सांगितलं. डी वाढल्याने थायरॉइड बरं होतं, असं मात्र कुणी सांगितलं तर सोडून द्यावं. दोन्ही एकत्र आढळतात, एवढं खरं.

बी१२ मला जास्त महत्त्वाचं वाटलं. २००च्या खाली म्हणजे कमी, आणि ती शाकाहारी. थकवा, विसरभोळेपणा, हातापायांना मुंग्या. ही सगळी तक्रार थायरॉइडच्या नावावर जमा होत राहते आणि बी१२ मागे राहून जातं. त्यात हाशिमोतोच्या आजारात काहींची प्रतिकारशक्ती जठरावरही उठते, मग खाल्लेलं बी१२ शोषलंच जात नाही. अशांना दही-दूध वाढवून भागत नाही. तिला इंजेक्शनं सुरू झाली.

गोळी ५०चीच राहिली. नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा चारला बेल वाजली. टीएसएच ३.१, साध्या अक्षरांत. डी ३१. पण चेहरा उतरलेला. "काकू, बी१२ दोन हजारांच्या वर! पुढे एच लिहिलंय, ठळक."

"शेवटचं इंजेक्शन कधी घेतलंस?"

"सोमवारी."

तो बुधवार होता. मी चहा टाकला.