वेगापेक्षा खेपा महाग

२००५-०६ च्या सुमारास इंदूरच्या जेल रोडवर मिळणाऱ्या अनेक साध्या फोनांवर इंटरनेटचे बटण नेमके मधोमध असे, आणि चुकून त्यावर अंगठा पडला की माणूस घाईघाईने लाल बटण दाबत सुटे. कारण पान उघडो वा न उघडो, बॅलन्समधून पैसे कापले जाण्याची धास्ती असे. त्या काळाबद्दल आज बोलताना आपण ‘नेट फार स्लो होते’ एवढे म्हणून थांबतो. पण गणित मांडून पाहिले, तर मंद वेग हे त्या अडचणीचे अर्धेच कारण ठरते.

सुरुवात मात्र वेगापासूनच करावी लागते. जीएसएम या त्या काळच्या प्रचलित मोबाइल यंत्रणेच्या फोनवरचे अगदी पहिले इंटरनेट म्हणजे साधा फोन कॉलच होता. फोन नंबर लावे, जोडणी होई आणि आवाजाच्या जागी सेकंदाला ९.६ किलोबिट, म्हणजे १,२०० बाइट (आठ बिटांचा एक बाइट) एवढी माहिती येई. शंभर किलोबाइटचे पान, जे संगणकाच्या दृष्टीने तेव्हाही किरकोळच होते, उतरायला या हिशेबाने ८५ सेकंद लागणार. आणि आकारणी मिनिटावर असल्यामुळे वाचक ते पान वाचत बसला तरी मीटर चालूच राहणार.

यावर उपाय म्हणून १९९७ साली एरिक्सन, मोटोरोला, नोकिया आणि अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘वॅप’ची आखणी हाती घेतली. पानेच लहान करायची, त्यांची भाषा वेगळी ठेवायची, आणि मोबाइल कंपनीच्या गेटवे सर्व्हरने ती आवळून फोनकडे धाडायची, अशी ही योजना होती. नोकिया ७११० या पहिल्या गाजलेल्या वॅप फोनचा पडदा ९६ गुणिले ६५, म्हणजे ६,२४० ठिपक्यांचा होता; संगणकाच्या १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर याच्या सव्वाशे पट ठिपके मावत. त्या फोनला एका वेळी जेमतेम १.४ किलोबाइट मजकूर पेलत असे. तंत्र म्हणून वॅप हुशारीचे होते, पण माझ्या मते त्याची गफलत मुळातच होती: लोकांना इंटरनेट हवे होते आणि वॅपने त्यांना इंटरनेटच्या शेजारी बांधलेली एक वेगळी, रिकामी वसाहत दिली.

पुढे आलेल्या जीपीआरएसने, म्हणजे जीएसएमवरच कॉल न लावता माहिती पाठवण्याच्या पद्धतीने, कॉलची भानगड संपवली. जीएसएममध्ये एक वाहक रेडिओ लहर आठ टाइमस्लॉटमध्ये, म्हणजे वेळेच्या आठ तुकड्यांत, वाटलेली असते आणि हे आठांचे चक्र सेकंदाला सुमारे २१७ वेळा फिरते. (रेडिओजवळ ठेवलेला फोन वाजण्याआधी जी टर्र-टर्र ऐकू येई, ती या चक्राचीच.) बोलणाऱ्याला एक स्लॉट कायमचा मिळतो, जीपीआरएसमध्ये मात्र मोकळे असतील ते स्लॉट, माहिती असेल तेवढ्यापुरतेच मिळत. आठही स्लॉट मिळाले तर कागदोपत्री वेग १७१ किलोबिटपर्यंत जाई. प्रत्यक्षात फोन फार तर चार स्लॉट झेलू शके आणि परिस्थिती चांगली असली तर ३० ते ४० किलोबिट पदरात पडत. बोलणाऱ्यांना बहुधा प्राधान्य असल्याने संध्याकाळी राजवाड्याच्या गर्दीत तेवढेही मिळण्याची खात्री नसे. आकारणीही आता मिनिटावर न राहता किलोबाइटवर आली. दहा किलोबाइटला दहा पैसे हा दर बराच काळ प्रचलित होता, म्हणजे शंभर किलोबाइटच्या पानाला एक रुपया. मध्य प्रदेशाच्या सीमेजवळच्या सेंधव्यापुढे महाराष्ट्राच्या हद्दीत शिरले की रोमिंगची चिंता वेगळी असे.

आता ४० किलोबिटच्या हिशेबाने तेच पान वीस सेकंदांत यायला हवे होते. ते येत नसे, आणि खरी गंमत इथेच आहे. घरातल्या मुलाला वाण्याकडे पाठवताना यादी हातात न देता आधी साखर, ती आणल्यावर चहापत्ती, मग पोहे असे एकेक सांगितले, तर दुकान कितीही जवळ असो, दुपार खेपांतच जाते. वेब पान नेमके असेच येते. आधी पत्त्यावरून सर्व्हरचा क्रमांक विचारायचा, मग सर्व्हरशी जोडणी करायची, मग मजकूर मागायचा, आणि मजकूर वाचल्यावर कळणार की यात आणखी वीस चित्रे आहेत. तारेवरच्या जोडणीत अशा खेपेला सेकंदाचा लहानसा अंश लागतो. जीपीआरएसवर अर्धा ते एक सेकंद सहज लागे, कारण थोडा वेळ शांत राहिलेल्या फोनला प्रत्येक वेळी टॉवरकडे नव्याने स्लॉट मागावे लागत. वीस चित्रे एकामागून एक मागितली, तर नुसत्या जाण्यायेण्यातच दहा ते वीस सेकंद संपत, आणि त्या वेळात वाहिनी जवळजवळ रिकामीच असे. भरीस भर म्हणजे इंटरनेटचे वाहतूक नियम तारांच्या जाळ्यासाठी घडवलेले होते. त्या नियमांनुसार माहितीचे एखादे पाकीट, म्हणजे तिचा एक तुकडा, हरवले की वाट तुंबली आहे असे समजून पाठवणारा आपला वेग कमी करतो. हवेत मात्र पाकिटे गर्दीमुळेच नव्हे, तर जिन्याखाली गेल्यानेही अडतात. तरीही पाठवणारा निमूटपणे वेग उतरवतच असे.

टंकलेखनाचा त्रास तुलनेने किरकोळ म्हणायचा. तरी पत्त्याच्या आरंभीचे तीन ‘डब्ल्यू’ एकाच ९ च्या बटणावर असल्याने दर दोहोंमध्ये क्षणभर थांबावे लागे, हे ज्यांनी केले त्यांची बोटे विसरलेली नसतील.

खेपांवरचा उतारा जानेवारी २००६ मध्ये जगभर खुल्या झालेल्या ऑपेरा मिनीने आणला. हा ब्राउझर पान स्वतः आणतच नसे. तो दूरच्या सर्व्हरला एकच निरोप देई. वीस चित्रांच्या वीस खेपा तो सर्व्हर आपल्या जलद तारांवर करी, पानाची मांडणीही तिथेच होई, आणि आवळलेले एकच गाठोडे फोनकडे येई. बहुतेकदा ते मूळ पानाच्या दहा-पंधरा टक्केच भरे. यादी अखेर मुलाच्या हाती पडली. याची किंमतही होती: मधला सर्व्हर सारे काही उलगडून पाहत असल्यामुळे बँकेचा पासवर्ड त्याच्या नजरेखालूनच जाई.

इंदूरच्या मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण होती. घरी येणारे वर्तमानपत्र बहुधा हिंदी. मराठी बातम्यांसाठी इंटरनेट हाच जवळचा मार्ग, आणि तिथे तर लिपीच अडून बसे. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतपद्धतीच्या रूढ साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘इंदूर’ हा शब्द पंधरा बाइट घेतो, तर रोमन लिपीत तोच सहा बाइटांत बसतो. त्याहून बिकट प्रश्न मांडणीचा होता. ‘किल्ला’ या शब्दात ‘क’ आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर साठवलेली असते, पण दिसताना ती आधी यावी लागते, आणि दोन ‘ल’ जोडून लिहावे लागतात. एवढे शहाणपण साध्या फोनांत नसे. ते चौकोन दाखवत, नाहीतर पाय मोडलेली अक्षरे. शिवाय अनेक मराठी वृत्तपत्रांच्या साइट युनिकोडमध्ये नव्हत्याच. त्या आपापला फॉन्ट मागत, आणि तो फोनमध्ये बसवण्याची सोय नव्हती.

यातल्या युनिकोडच्या साइटपुरती वाट ऑपेरा मिनीच्याच एका आडबाजूच्या सेटिंगमध्ये सापडली. ते सुरू केले की अवघड लिप्यांची अक्षरे सर्व्हरच जुळवी आणि त्यांची चित्रे फोनकडे पाठवी. त्यामुळे गाठोडे जड होई, पैसे जास्त जात, आणि वाचलेल्यातला एकही शब्द उचलून कुणाला पाठवता येत नसे. ‘किल्ला’ची वेलांटी मात्र जागेवर असे.