राजाच्या खांद्यावरची काळी शेपटी

डचांचा राजा मुकुट घालत नाही. ३० एप्रिल २०१३ रोजी ॲम्स्टरडॅमच्या नीवे केर्क चर्चमध्ये विलेम-अलेक्झांडर यांनी शपथ घेतली, तेव्हा मुकुट शेजारच्या टेबलावर नुसता मांडलेला होता. अंगात साधा टेलकोट. पण त्यावर पांढऱ्या फरचं अस्तर असलेला लाल मखमली झगा मात्र होताच, आणि त्या फरवर काळे ठिपके.

हे ठिपके रंगवलेले नसतात. ती स्टोटच्या शेपटीची टोकं! स्टोट हा मुंगसाहूनही लहान, सडपातळ शिकारी प्राणी. उन्हाळ्यात पाठ तपकिरी, थंडीत सगळा पांढरा. शेपटीचं टोक तेवढं बारमाही काळं. त्याच्या हिवाळी कातड्याला अर्मिन म्हणतात.

ब्रिटनमध्ये तर या ठिपक्यांवरून मानकऱ्याचा दर्जा कळे. राज्याभिषेकाच्या झग्यावर ड्यूकला ठिपक्यांच्या चार ओळी, मार्क्वेसला साडेतीन, अर्लला तीन, व्हायकाउंटला अडीच, बॅरनला दोन. (साडेतीन शहाण्यांच्या मुलुखातल्या आपल्याला त्या अर्ध्या ओळीचं नवल वाटायला नको.)

स्टोट पांढरा होतो म्हणजे त्याचे केस पिकत नाहीत. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की डोळ्यांमार्फत ती वर्दी मेंदूला पोचते, रात्री मेलाटोनिन हे संप्रेरक जास्त वेळ स्रवतं, प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक घटतं. जुने केस गळतात आणि नवे उगवतात ते रंगद्रव्याविना. थंडीचाही यात वाटा आहे. दक्षिण इंग्लंडमधले बरेचसे स्टोट हिवाळाभर तपकिरीच राहतात.

मग बर्फावर उठून दिसणारं ते काळं टोक कशासाठी? प्रशिक्षित ससाण्यांसमोर स्टोटसारखे खोटे प्राणी ओढून पाहिले, तेव्हा शेपटीला काळं टोक असलं की ससाण्यांचा नेम चुकायचा. झडप शेपटीवर जायची, अंग वाचायचं. स्टोटचा आखूडशेपट्या भाऊबंद लीस्ट वीझल. त्याला असं टोक नाही. तिथे काळा डाग अंगाच्या फार जवळ आला असता, नेम बरोबर लागला असता. म्हणजे राजेलोक रुबाबासाठी जे मिरवतात, ते मुळात ससाण्याला दाखवलेलं गाजर आहे.

२०१९ मध्ये एलिझाबेथ राणीच्या नव्या कपड्यांना खोटी फर लावायचं ठरलं. जुने झगे तसेच राहिले. २०२३ मध्ये चार्ल्स यांनी आजोबांचा १९३७ चा झगाच घातला. रानातल्या स्टोटला मात्र कपडा बदलणं पुढे ढकलता येत नाही. त्याचं घड्याळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालतं, आणि ती काही बदललेली नाही. बर्फ उशिरा पडू लागला आहे. तोवर तो उघड्या तपकिरी जमिनीवर पांढराशुभ्र धावत असतो.